आखूड पायाच्या चिमणीची व्यवस्था

मी, चिमणीबाई, वय एकोणसत्तर, सार्वजनिक वाचनालयात सूची करण्यात नोकरी घालवलेली आणि आता निवृत्त, राहणार बेकरीच्या इमारतीत दुसरा मजला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. कागदोपत्री असलेले माझे लांबलचक नाव पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई पानाच्या डोक्यावर घालणार आहेत. त्या नावाने मला फक्त बँक हाक मारते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे म्हणणारे काही लोक आहेत, पण ते सगळे माझ्याशी कधी ना कधी वादात हरलेले आहेत, तेव्हा त्यांचे म्हणणे ग्राह्य धरू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याची हकिकत पुढे येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र, जे आमचे हे असताना आम्ही दोघांनी एकाच बैठकीत हसत हसत केले होते, ते या कागदाने रद्द झाले असे समजावे.

हे आताच लिहिण्याचे कारण असे की येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "काळजी करू नका, आमचं रोजचंच काम आहे." त्यांचे रोजचे असेल, माझे नाही. मला भीती वाटत नाही असे लिहिले तर पहिल्याच पानावर खोटे बोलल्यासारखे होईल. थोडी वाटते. पण त्याहून मोठा घोर वेगळाच आहे. मी काही लिहून न ठेवता गेले, तर चिमणीचे नाव भलत्याच्या हातात जाईल. घराचे, भांड्यांचे, घड्याळांचे काहीही झाले तरी चालेल. नावाचे चालणार नाही.

कलम पहिले. राहते घर, सामानासकट, माझ्या एकुलत्या एका लेकीला. ती दातांची डॉक्टर आहे, तिला स्वतःचे घर आहे, आणि माझे पडदे तिला आवडत नाहीत हे मला माहीत आहे. पडदे बदलावेत. स्वयंपाकघरातले टेबल मात्र विकू नये. त्याचा एक पाय हलतो म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली आहे, तो पुठ्ठाही टेबलाचाच भाग समजावा. चिमणी या टेबलावर लिहिली गेली. बँकेत जे काही असेल तेही लेकीचेच. किती आहे ते इथे लिहीत नाही, म्हणजे कोणाच्या डोळ्यावर यायला नको आणि कोणाची निराशाही व्हायला नको. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. दाताच्या मुळापर्यंत जायची तिला सवय आहे.

कलम दुसरे. आमचे हे घड्याळजी होते. त्यांचे भिंग, चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि सुट्या भागांचे डबे कोपऱ्यावरच्या दुसऱ्या घड्याळजींना द्यावेत. दोघांनी आयुष्यभर एकमेकांच्या कामाला नाके मुरडली. "त्याने हात लावलेलं घड्याळ माझ्याकडे आणू नका," असे हे गिऱ्हाइकाला सांगत, आणि कोपऱ्यावरूनही तेच ऐकू येई. हे गेले त्या आठवड्यात तो माणूस आमच्याकडे आला, चहा नको म्हणाला, घरातली बंद पडलेली सगळी घड्याळे चालू करून दिली, आणि चपला घालता घालता म्हणाला, "वहिनी, काम चांगलं होतं हो त्यांचं." हत्यारे त्याचीच. हेच त्याने त्यांच्या तोंडावर का सांगितले नाही, याचा मला राग आहे. तो रागही डब्यांबरोबर त्याच्याकडेच पोहोचता करावा.

कलम तिसरे. आता मुद्द्यावर येते. चिमणी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा भाग सोडून द्यावा. वकीलबाई म्हणतात, न्यायाधीशांना ठाऊक नसणार.

चिमणी हे वाचनालयासाठी केलेले सॉफ्टवेअर आहे. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, कोणाची परत करायची तारीख उलटली, कोणत्या पुस्तकासाठी लोक ताटकळले आहेत, एवढे ते सांगते, आणि शांतपणे सांगते. आमच्या वाचनालयात जे विकतचे होते, त्यात एक रकाना वाढवायचा तरी कंपनीच्या पाया पडावे लागे. मी चिडून स्वतःचे लिहिले. माझी बहुतेक कामे चिडूनच झालेली आहेत. मग ते सगळ्यांना देऊन टाकले. घ्या, उघडून आत काय आहे ते बघा, बदला, पुढे द्या, वाटले तर विका. याला ओपन सोर्स म्हणतात. आज ते किती वाचनालयांत आहे हे मलाही सांगता येणार नाही, आणि ज्यांना मी कधी पाहिलेले नाही अशी माणसे आपल्या फावल्या वेळात त्यावर काम करतात. त्यांना मी मंडळी म्हणते. तेव्हा सॉफ्टवेअर या मृत्युपत्रात नाही. जे सगळ्यांचे आहे ते मी कोणाच्या नावावर करणार?

नाव मात्र माझे आहे. "चिमणी" हा शब्द आणि तिचे चित्र, ही दोन्ही व्यापारचिन्हे म्हणून माझ्या एकटीच्या नावावर नोंदलेली आहेत. ते कसे झाले ते सांगते.

चित्र आमच्या ह्यांनी काढले, दुरुस्तीच्या एका पावतीच्या पाठीवर. डावा पाय काढताना पेन्सिलीचे टोक मोडले, आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आले. पाय आखूडच राहिला. तो लांब करावा की नाही यावर मंडळींनी नंतर इतकी चर्चा केली की एखादी खरी चिमणी तेवढ्यात म्हातारी झाली असती. शेवटी ज्यांना पाय लांब हवा होता ते कंटाळले, आणि आमची चिमणी लंगडी राहिली.

पुढे कोणीतरी आमचे सॉफ्टवेअर घेतले, त्याच्या पोटात एक चोर बसवला, आणि आमच्याच नावाने, आमच्याच चित्रासकट, वेगळ्या संकेतस्थळावर मांडले. तो चोर सभासदांची नावे, फोन नंबर आणि कोण काय वाचते, हे गुपचूप बाहेर पाठवत असे. एका लहान वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा मला फोन आला. त्या रडत होत्या.

"बाई, तुमच्या चिमणीने आमची माणसं उघडी पाडली हो. एक सभासद घटस्फोटाच्या कायद्याची पुस्तकं नेत होती. तिच्या नवऱ्यापर्यंत गेलं ते."

ही आमची चिमणी नव्हे, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? नाव तर आमचेच होते. मग त्यांनी संगणकाच्या पडद्याचा फोटो पाठवला आणि मी चित्राकडे नीट पाहिले. चोराने पाय दुरुस्त केला होता. दोन्ही पाय अगदी सारखे.

त्या दिवशी मला कळले की सॉफ्टवेअर सगळ्यांना देता येते, पण नावही तसेच मोकळे सोडले, तर लोकांना खरे-खोटे ओळखायला काही उरत नाही. चिन्ह नोंदवायचे ठरले. नोंदवायला मालक लागतो, आणि मंडळी तर कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. मग संस्था काढायची ठरली, आणि संस्थेचे नाव काय ठेवायचे यावर घोडे अडले. कोणाला "मंडळ" हवे होते, कोणाला "संघ", एकाचे म्हणणे की "मित्र" हा शब्द आलाच पाहिजे. नाव राखायला निघालेली माणसे नावावरच अडून बसली. हे फक्त आमच्याच लोकांना जमू शकते. वकीलबाई म्हणाल्या, "तोवर तुमच्या नावावर करून टाका, तात्पुरतं." ते तात्पुरते अजून चालू आहे, माझे केस त्यात पांढरे झाले, आणि संस्थेचे घोंगडे भिजतेच आहे. झडपेचे ठरल्यावर मी मंडळींना पुन्हा एकदा लिहिले. पहिलेच उत्तर आले ते असे की "मंडळ" या शब्दाला आपला विरोध पूर्वीइतकाच आहे.

मग नावाचे धोरण मी लिहिले. त्यातली वाक्ये मला अजून पाठ आहेत, आणि ती चांगली आहेत. चिमणी जशीच्या तशी वाटत असाल तर नाव ठेवा. तिच्यात बदल केलात तर खुशाल वाटा, पण तिला तुमचे नाव द्या. "आम्ही चिमणी बसवून देतो", "आमचे काम चिमणीबरोबर चालते", हे खरे असेल तर बेलाशक म्हणा. खरे सांगायला परवानगी लागत नाही. चित्र कपड्यांवर, भिंतींवर, पाट्यांवर किंवा खाण्याच्या वस्तूंवर घालायचे असेल तर आधी एका ओळीने विचारा. खाण्याच्या वस्तू तळमजल्यावरच्या बेकरीवालीमुळे घालाव्या लागल्या. चिमणीची नवी आवृत्ती आली की ती चिमणीच्या आकाराची बिस्किटे करते. भट्टीत त्यांचे दोन्ही पाय मोडतात.

इथे दाढी येतो. दाढी म्हणजे आमच्या मंडळीतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात खवट माणूस. शाळेत गणित शिकवायचा. चिमणी रांगत होती तेव्हापासून माझ्याबरोबर, आणि चिमणीतले जे जे कधी बिघडत नाही ते सगळे त्याने लिहिलेले. धोरण आले त्याच सुमारास एका आडबाजूच्या वाचनालयाने आपल्या दारावर चिमणी रंगवली. हिरवे दार, त्यावर हातभर चिमणी, डावा पाय आखूड. फोटो त्यांनीच हौसेने पाठवला. विचारले मात्र नव्हते. मी त्यांना एक गोड पत्र लिहिले, की दार सुंदर आहे, एक ओळीचा अर्ज पाठवा, लगेच परवानगी देते. कायदाच तसा आहे. आपल्या चिन्हावर मालकाने नजर ठेवली नाही, कोणी कसेही वापरले तरी गप्प बसला, तर उद्या खऱ्या चोरासमोर त्याचा हक्क लुळा पडतो. पत्र पाहून दाढीचा फोन आला.

"अगं, दार रंगवलंय त्यांनी. दरोडा नाही घातला."

"मग एक ओळ लिहायला काय जातंय त्यांचं?"

"सॉफ्टवेअर मोकळं आणि नाव कुलपात! त्या मोकळेपणाचं काय लोणचं घालायचंय?"

"कुलूप नाही ते. कडी आहे नुसती."

"कडी तुझ्या हातात आहे ना, म्हणून तुला ती गोड वाटते."

हे वाक्य मला लागले. अजून लागते. पण मी बरोबर होते आणि आजही आहे. त्याने फोन ठेवला, सगळ्या सॉफ्टवेअरची एक प्रत घेतली आणि वेगळा झाला. हक्काने झाला, तो हक्क मीच सगळ्यांना देऊन बसले होते. आपल्या प्रतीचे नाव त्याने साळुंकी ठेवले.

मी काय केले, तर साळुंकी उतरवून घेतली आणि तिच्यात एखादी चिमणी चुकून राहिली आहे का ते शोधत बसले. सापडली असती तर त्यालाही एक गोड पत्र जाणार होते. नाही सापडली. पडद्यावरून, मदतपुस्तिकेतून, शाळांसाठी केलेल्या धड्यांतून त्याने एकूण एक चिमणी अलगद उचलून काढली होती. ज्यांनी धोरणाला माना डोलावल्या, त्यांच्यापैकी एकानेही ते इतके काटेकोर पाळले नाही, जितके या न मानणाऱ्या माणसाने पाळले. फक्त एका जागी चिमणी सापडली. परतीच्या तारखांचा भाग मी लिहिलेला आहे. तो त्याने जसाच्या तसा ठेवला होता, आणि त्याच्या माथ्यावर, जिथे कोड वाचणाऱ्याशिवाय कोणी फिरकत नाही, टीप घातली होती: "हा भाग चिमणीतून घेतला आहे. चिमणीबाईंनी लिहिला. चांगला आहे. कारण नसताना हात लावू नये."

खरे सांगायला परवानगी लागत नाही. मी पत्र लिहिले नाही. टेबलाशी बसून जरा रडले आणि मग भाजी चिरायला घेतली.

तेव्हापासून आमचा अबोला. म्हणजे तोंडाचा. त्याने साळुंकीतली एखादी चूक काढली की मी ती दुरुस्ती उचलून चिमणीत घेई, त्याच्या नावानिशी. मी काही सुधारले की चार दिवसांत ते साळुंकीत दिसे, माझ्या नावानिशी. अबोला धरायचा तर असा धरावा, कामे तरी होतात.

आता दडपणाची हकिकत. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा, वाचनालयांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत आहे. मुलगा गोड आहे. आल्या आल्या आधी "मावशी, काही खाल्लंस का?" असे विचारतो, आणि मी नाही म्हटले तर खरेच उठून काहीतरी करतो. झडपेची बातमी कळल्यावर तो फुले घेऊन आला, आणि फुलांखाली एक रंगीत माहितीपत्रक होते.

"मावशी, सॉफ्टवेअर तर तू वाटूनच टाकलंस. नाव तेवढं उरलंय. ते आम्हांला दे ना."

"तुम्हांला कशाला?"

"सांभाळायला. कोणीही उठतो आणि म्हणतो, मी चिमणी बसवून देतो. शिस्त नको का? ज्याला नाव वापरायचंय त्याने आमच्याकडे नोंदणी करायची, बस्स."

"आणि जो करणार नाही त्याला?"

"नोटीस," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीमागची उशी नीट केली.

मंडळींत एक निवृत्त नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी ती डोंगरापलीकडच्या शाळांत जाऊन फुकट चिमणी बसवून देते. उद्या तिने "मी चिमणी बसवून देते" एवढे खरे वाक्य उच्चारले तरी तिला नोटीस. जे नाव मी चोरांना लांब ठेवायला नोंदवले, तेच आपल्या माणसांना हाकलायला वापरायचे. मी माहितीपत्रक हातात घेतले. वर चिमणी होती, तुकतुकीत, दोन्ही पाय सारखे.

"हिचा पाय रे?"

"डिझायनरने नीट केला, मावशी. चूकच होती ना ती."

मी त्याला आणखी एक कप चहा दिला. माझा निर्णय तिथेच झाला.

लेकीला नाव का देत नाही, तर तिनेच मला हात जोडले. "आई, माझ्या नावावर करू नकोस," ती म्हणाली. "तो येणार, दोनदा ताई ताई करणार, आणि मी सही करून मोकळी होणार. मला माहितीय ना मी कशी आहे ते." लहानपणी तिची सायकल त्याने अशीच नेली. दुसऱ्यांचे दात उपटताना तिचा हात कापत नाही, पण या भावाला नाही म्हणताना जीभ उचलत नाही. मी काहीच लिहून ठेवले नाही तर नाव वारशाने तिच्याकडे जाणार, आणि तिच्याकडून महिन्याभरात कंपनीकडे. म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम चौथे. "चिमणी" हे नाव आणि आखूड पायाच्या चिमणीचे चित्र, या दोन्ही व्यापारचिन्हांची संपूर्ण मालकी मी दाढीला देते. त्याने ती मंडळींसाठी विश्वस्त म्हणून सांभाळावी. हे वाचून मंडळींत हलकल्लोळ होईल. होऊ द्यावा. ज्याला ही वस्तू मुळात नकोच आहे, तो ती विकणार नाही; आणि जो माझ्यावर रागावून निघून जातानासुद्धा माझी एकही चिमणी बरोबर नेत नाही, त्याच्याइतका भरवशाचा माणूस मला दुसरा ठाऊक नाही.

त्याला न विचारता हे लिहिणे बरे दिसले नसते, म्हणून फोन केला. इतक्या वर्षांनी.

"हॅलो."

"मी बोलतेय."

तो म्हणाला, "बोल. काय मोडलं?"

"झडप. माझी. बुधवारी बदलतायत."

"जुनी काढायच्या आधी नवी चालवून बघितलीय ना त्यांनी?"

"विचारते." मग मी नावाचे सांगितले.

"मला? अगं, मी तर ते कुलूपच नको म्हणत होतो."

"म्हणून तर."

"वेडी आहेस तू."

"मृत्युपत्रात डोकं ठिकाणावर आहे असं लिहून झालंय. आता बदलता येत नाही."

"येतो," एवढे म्हणून त्याने फोन ठेवला. पूर्वीसारखाच, निरोप न घेता.

आज सकाळी दार वाजले. दारात एक गुळगुळीत गालांचा म्हातारा. मी विचारणार होते कोण हवे आहे, तेवढ्यात तो बोलला आणि आवाजावरून ओळखले.

"दाढी काढलीस?"

"फार टोचायला लागली होती."

"मग आता तुला म्हणायचं काय?"

"जे म्हणतेस ते म्हण. नाव वापरात आहे ना? मग हक्क शाबूत आहे," तो म्हणाला आणि टेबलाशी जाऊन बसला. बसल्या बसल्या पायाने पुठ्ठा चाचपला आणि नीट सरकवला.

लिहिताना तो समोरच होता आणि प्रत्येक ओळीला हरकत घेत होता. चिन्हे विकायची नाहीत, गहाण टाकायची नाहीत, हे त्याला मान्य. कोणी चुकला तर आधी गोड पत्र, आणि खरा चोर असेल तरच वकील, हेही मान्य. गोड पत्र आपल्याला लिहिता येत नाही, ते बेकरीवालीकडून लिहून घेऊ, असे त्याने सुचवले. डावा पाय कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून लांब करायचा नाही. मंडळींची संस्था निघाली की, तिचे नाव काहीही असो, त्याच दिवशी दोन्ही चिन्हे तिच्या हवाली करायची. "म्हणजे मरेपर्यंत माझ्याच गळ्यात," तो म्हणाला. आणि साळुंकी साळुंकीच राहील, चिमणीत मिसळणार नाही. मी म्हटले, कोणी विचारलेय तुला.

मग म्हणाला, "माझी एक अट आहे. दार."

"कुठलं दार?"

"तुला माहितीय कुठलं दार."

म्हणून धोरणात आजपासून पुढील वाक्य घालण्यात येत आहे: ज्या वाचनालयात खरोखर चिमणी चालते, त्याने आपल्या दारावर, भिंतीवर किंवा पाटीवर तिचे चित्र रंगवायला वेगळी परवानगी मागण्याची गरज नाही, मात्र पाय आखूड हवा. याने हक्क लुळा पडत नाही का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, मुळीच नाही, आपण लिहून, अटी घालून, आधीच दिलेली परवानगी ही परवानगीच असते. हे त्यांनी तेव्हाच सांगितले असते तर आमचा सगळा अबोला वाचला असता.

"तुम्ही विचारलं नव्हतंत," त्या म्हणाल्या. दाढी इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. मी चुकले होते असे या कलमात कुठेही म्हटलेले नाही. दार मात्र छान होते.

कलम पाचवे. माझी काळी मोठी छत्री भाच्याला. ती त्याने मागेच नेलेली आहे, तेव्हा ही फक्त नोंद. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने माझ्या उशीची जी काळजी केली ती खरी होती, आणि नावाची जी केली तीही त्याला खरीच वाटत होती. बेकरीवालीला चिमणीच्या बिस्किटांची कायमची परवानगी, मोडक्या पायांसकट. पण परवानगी मिळाली म्हणजे ती लाभार्थी झाली, म्हणून तिला या कागदावर साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. ती फुरंगटून खाली गेली आहे.

कलम शेवटचे. माझ्या स्वतःच्या नावाचे धोरण. मी गेल्यावर "आई असती तर असंच म्हणाली असती", "मावशीला हेच हवं होतं", "चिमणीबाईंनी याला होकारच दिला असता", अशी वाक्ये सुरू होतील. ज्यातून माझी मान्यता आहे असे भासते, असा माझ्या नावाचा कोणताही वापर करण्यास सक्त मनाई आहे. मला जे म्हणायचे होते ते मी हयातीत म्हटले, बहुतेक वेळा दोनदा. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने ते आपल्या नावाने म्हणावे. मंडळींनी संस्थेला माझे नाव देऊन वाद मिटवू नये. वाद त्यांचा आहे, त्यांनीच मिटवावा.

माझ्याबद्दल खरे सांगायला मात्र परवानगी लागत नाही. मी चिडकी होते, चहा उकळून उकळून कडू करत असे, हरायला लागले की आवाज चढवत असे, हे खुशाल सांगावे. लेकीवर माझा फार जीव आहे. हे तिला तोंडावर सांगायला गेले की मी भलतेच काहीतरी बोलते, पडद्यांचे वगैरे, म्हणून इथे लिहिले. हे वाक्य तिने हवे तिथे, हवे तितक्या वेळा, कोणताही बदल न करता वापरावे.

बुधवारचे काय होते ते बघू. नीट झाले तर हा कागद कपाटात पडून राहील, आणि दाढी मला फोन करून त्यातल्या चुका सांगेल. नाही झाले तरी माझी तक्रार नाही. चांगले नवरा-मूल मिळाले, चांगले काम मिळाले आणि भांडायला चांगला माणूस मिळाला. मी समाधानी आहे.

वरचा सगळा मजकूर मी चष्मा लावून स्वतः वाचला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

ठिकाण: स्वयंपाकघर, हलत्या पायाचे टेबल.
दिनांक: झडपेच्या बुधवारआधीचा शनिवार. आकड्यांतली तारीख वकीलबाईंनी शिक्क्यासोबत घातली आहे.

(सही)
चिमणीबाई

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई, पहिला मजला. (सही)

साक्षीदार दुसरे: पोस्टमन. टपाल द्यायला वर आले आणि सापडले. मजकूर ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "दार कुठलं हो ते? बघायला पाहिजे." (सही)

नाव स्वीकारणाऱ्याने सही करण्याची कायद्याने गरज नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. तरी त्याने कागद ओढून घेतला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले:

"स्वीकारतो. विरोध कायम आहे. — दाढी"

आणि त्याच्या शेजारी, समोर नमुना नसताना, पेन न उचलता, एक चिमणी काढली.

माझा शेरा: चित्र काढण्यापूर्वी परवानगी घेतलेली नाही. डावा पाय आखूड आहे. मान्य.